तांबी मुरायचा महिना

डॉक्टरीणबाईंनी मला अगदी स्पष्ट सांगितलं होतं, की तांबी बसवली की त्याच दिवसापासून ती काम करते, थांबायचं काही कारण नाही. मी मान डोलावली, पदर सावरला, रविवार कारंजावरून चालत पंचवटीत घरी आले आणि त्यांच्या बोलण्यावर अजिबात विश्वास ठेवला नाही. पुढे आमच्या घरात जे झालं ते ह्या एका अविश्वासामुळे झालं, असं मी कित्येक वर्षं स्वतःला सांगत आले. ते पूर्ण खरं नाही. पण सुरुवात तिथून झाली, हे खरं आहे.

आणीबाणी उठून तेव्हा चार-पाच वर्षं झाली होती. मुलगी दोन वर्षांची. बी.ए. होऊन मी घरात बसले होते आणि त्या वर्षी बी.एड.ला नंबर लागण्याची चिन्हं होती. नवरा ओझरच्या विमानांच्या कारखान्यात. पहाटे कंपनीची बस पकडायचा, संध्याकाळी दमून यायचा. सासरे गेल्यानंतर सासूबाई नांदगावकडचं घर बंद करून आमच्याकडे आल्या होत्या. घर म्हणजे दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत आम्ही दोघं, आतल्या स्वयंपाकघरात सासूबाई आणि त्यांच्या कुशीत नात. ह्या दोन खोल्यांत कुणाचं काही लपून राहत नसे. आणि मी तर असली गोष्ट लपवायला निघाले होते, की जिचं नाव काढलं तरी सासूबाई कानांवर हात ठेवत.

त्याला कारण होतं. त्यांच्या गावात आणीबाणीत नसबंदीच्या ऑपरेशनवाल्यांची जीप आली की गडीमाणसं बाजरीत जाऊन लपायची. सासूबाईंचा एक चुलत दीर, लग्नसुद्धा न झालेला, त्या जीपमधून गेला आणि परत आला तो मान खाली घालूनच. तेव्हापासून कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण रंगवलेली भिंत दिसली, की त्या रस्त्याची बाजू बदलत. तांबीबद्दल तर त्यांचं ठाम मत होतं. ती आत राहत नाही, हळूहळू वर चढते आणि काळजात जाऊन बसते. एका बाईच्या घशातून निघाली म्हणे. मी एकदा म्हटलं, "आई, घसा आणि ते, ह्यांचा काही संबंध नसतो." त्यावर त्या म्हणाल्या, "तू शिकलेली हाय, तुला काय म्हाईत." ह्या वाक्याला उत्तर कुठल्याच पुस्तकात नसतं.

नवऱ्याचा माझ्या शिक्षणाला आणि तांबीलाही पाठिंबा होता. म्हणजे माझ्यासमोर होता, आईसमोर नव्हता. "हळूहळू सांगू तिला," एवढंच तो म्हणायचा, आणि हळूहळू म्हणजे किती, हे कधी ठरायचं नाही. शेवटी मी एकटी गेले. पाळी संपत आली होती, डॉक्टरीणबाईंनी त्याच दिवसांत बोलावलं होतं, कारण तेव्हा पोटात काही नाही ह्याची खात्री असते. एक कळ आली, पाळीत येते तशी, जराशी मोठी, आणि संपली. मला आठवतं, डॉक्टरीणबाई कामात मग्न असताना मला हरभऱ्याच्या डाळीचा भाव विचारत होत्या. इंग्रजी टी अक्षरासारखा तो प्लॅस्टिकचा बारीक तुकडा, त्याला तांब्याची तार गुंडाळलेली. एवढ्याशा वस्तूने बी.एड. होणार होतं.

मग विश्वास का नाही बसला? आमच्या घरात लागलीच लागू पडणारं काही नव्हतंच. काढा घेतला तर गुण यायला पंधरवडा, मात्रा चाटवली तर महिना. शेजारच्या बाईंना मी नळावर हळूच विचारलं. त्यांनी स्वतः कधी बसवली नव्हती, पण त्यांना सगळं माहीत असे. त्या माझ्या कानाशी आल्या आणि म्हणाल्या, "अहो, लगेच कशी लागेल? मुरायला नको? महिना तरी जाऊ द्यायचा." लोणच्याचं ऐकल्यासारखं मी ते ऐकलं आणि पटवून घेतलं. डॉक्टरीणबाईंनी जे एका वाक्यात, हात धुताधुता सांगितलं, ते मला वरवरचं वाटलं. शेजारणीने जे कानाशी लागून सांगितलं ते खरं वाटलं. आणि भीती होतीच. वर्गात बसायला सुरुवात केली आणि दिवस गेले, तर ते वर्ष गेलं, आणि ते वर्ष गेलं की मी कायमची चुलीपुढे, हे मला दिसत होतं.

आता माझ्या मुलीच्या वेळेला दुसरीच तांबी निघाली आहे, संप्रेरकवाली. तिच्याबाबतीत मात्र थोडं थांबायला लागतं म्हणे. पाळी सुरू झाल्यापासून आठवड्याच्या आत बसवली तर लगेच काम सुरू, एरवी कधी बसवली तर सात दिवस दुसरी काळजी घ्यायची. मुलीने हे मला सांगितलं तेव्हा मी हसले आणि मग हसू आवरलं. सात दिवस. मी तर नुसत्या तांब्याच्या तारेसाठी महिना काढला होता, आणि त्या महिन्यात एका म्हातारीचं जे व्हायचं ते होऊन बसलं.

झालं असं, की तांबी बसवून आले त्याच दिवशी मी माझी वळकटी उचलली आणि स्वयंपाकघरात सासूबाईंच्या शेजारी टाकली. "पोरीला खोकला आहे, माझ्याजवळ बरी झोपेल," म्हटलं. पोरीला खोकला होता, नाही असं नाही, पण तो दोन दिवसांत गेला आणि मी काही बाहेरच्या खोलीत गेले नाही. नवरा पहिल्यांदा समजूतदारपणे बघत होता. मग म्हणाला, "डॉक्टर तर म्हणाल्या ना, आजपासूनच?" मी फटकन म्हणाले, "तुम्हाला नऊ महिने काढायचे नाहीत, तुम्ही बोलू नका." कारखान्यात विमानं जोडणारा माणूस, पण घरात त्याला एक वाक्य जोडता येत नसे. सकाळी डबा घेताना माझ्याकडे न बघता जायचा. मला वाटायचं, महिन्याचीच तर गोष्ट आहे.

सासूबाई हे सगळं बघत होत्या. त्यांना माझी वळकटी दिसत होती, लेकाचा उतरलेला चेहरा दिसत होता, आणि सकाळी आम्ही एकमेकांशी बोलत नाही तेही. त्यांनी त्याचा जो अर्थ लावला, तो कुठल्याही आईने लावला असता. नवरा-बायकोत काहीतरी बिनसलं आहे. आणि बिनसलं तर पाळणा हलणार कसा? माझ्याशी त्या एक शब्द बोलल्या नाहीत. एक दिवस शेजारच्या बायकांबरोबर एस.टी.ने वणीच्या गडावर जाऊन आल्या. देवीच्या पायऱ्या चढून गुडघे सुजले होते. मी गडबडीने चहा टाकला, आलं घालून, त्यांना आवडायचा तसा. कप पुढे केला, तर त्यांनी हाताने अडवला.

"नको बाई. सोडला."

"काय सोडला?"

"चहा. देवीला बोलले. घरात पाळणा हलंस्तवर चहा घ्यायचा नाय."

ज्यांनी सासूबाईंना चहा पिताना पाहिलं नाही त्यांना हे समजायचं नाही. त्या बाईला दुसरं कुठलंच व्यसन नव्हतं, साधी तपकीरसुद्धा नाही. सोनंनाणं मागितलं नाही, लुगडी मागितली नाहीत, सिनेमाला न्या म्हटलं नाही. चहा मात्र लागायचा. सकाळी बशीत ओतून फुंकर मारत, दुपारी उठल्यावर, आणि लेक कामावरून आला की त्याच्याबरोबर. तिसऱ्या चहाला त्या त्याला गावाकडच्या गोष्टी सांगायच्या. चहा नसला की त्यांचं डोकं चढायचं, कपाळाला फडकं बांधून भिंतीला टेकून बसायच्या. आणि असा चहा त्यांनी सोडला होता, मला मूल व्हावं म्हणून. माझ्या पोटात तांबी होती. डॉक्टरीणबाईंच्या म्हणण्याप्रमाणे पहिल्या दिवसापासून काम करत असलेली.

मी त्याच वेळी सांगायला हवं होतं. ओठांवर आलंही होतं. पण त्यांचे सुजलेले गुडघे बघितले, आणि त्या गुडघ्यांना आता काय सांगायचं, असं झालं. "बरं," म्हणून मी तो कप स्वतःच प्यायले. थंड झाला होता. त्या घोटासारखा अपराधी घोट मी आयुष्यात घेतला नाही.

महिना संपला आणि मी बाहेरच्या खोलीत परत गेले. सासूबाईंच्या चेहऱ्यावर जे समाधान दिसलं ते मला बघवेना. नवस पावला म्हणून त्या मनातल्या मनात देवीला हात जोडत होत्या. मी डॉक्टरीणबाईंवर विश्वास ठेवला असता, वळकटी हलवली नसती, तर त्या गडावर गेल्याच नसत्या. निदान तेव्हा तरी नाही.

जूनमध्ये कॉलेज सुरू झालं. मी सकाळी जायचे, सासूबाई नातीला सांभाळायच्या. माझ्या शिकण्याला त्यांचा विरोध नव्हता. शीक, पण घरातलं घरात होत राहू दे, एवढंच त्यांचं म्हणणं. संध्याकाळी आम्ही तिघं बसायचो. दोन कप चहाचे आणि सासूबाईंच्या हातात गरम पाण्याचा पेला. त्यात त्या गुळाचा खडा टाकायच्या आणि फुंकर मारून प्यायच्या, जणू सवय तोंडाला दाखवायला. मी एकदा नवऱ्याला म्हटलं, "आपणही सोडू या चहा." तो म्हणाला, "मग तिला वाटेल आपल्यालाही मूल हवंय." खरंच होतं. आम्ही चहा प्यायलो तर अपराधी, आणि सोडला तर ढोंगी.

सगळ्यात वाईट दिवस पाळीचे. आमच्याकडे बाजूला बसायची पद्धत होती. शहरात आल्यावर ती सैल झाली होती, तरी देवघराकडे जायचं नाही, स्वयंपाकाला हात लावायचा नाही, एवढं होतंच. त्यामुळे माझी तारीख सासूबाईंना माझ्याआधी माहीत असे. मी कोपऱ्यात चटई टाकली की त्यांचा चेहरा पडायचा आणि लगेच त्या तो सावरायच्या. "असू दे. पुढच्या महिन्यात," म्हणायच्या, जशी मीच आशा लावून बसले आहे आणि माझी समजूत काढायची आहे. तांबीने पहिले काही महिने रक्त जास्त जातं. डॉक्टरीणबाईंनी तेही सांगितलं होतं. मी तर पांढरी फटक पडले. आणि सासूबाई माझ्यासाठी काय करायच्या? तांदूळ धुवून ते धुवण गाळायच्या, त्यात खडीसाखर विरघळवायच्या आणि मला पेला भरून प्यायला लावायच्या. दुर्वा आणून त्यांचा रस काढायच्या. कोपऱ्यात बसून मी ते घोट घेत असे आणि समोर ती बाई, डोक्याला फडकं बांधलेली, "सगळं पी, तळाशी ठेवू नको," म्हणत असे. मी चिडायचे. कुणावर, ते सांगता यायचं नाही, म्हणून पोरीवर चिडायचे. एकदा उगाच तिच्या पाठीत धपाटा घातला, तर सासूबाई म्हणाल्या, "तिला मारू नको, होईल तुला. देवी हाय." मी न्हाणीत जाऊन नळ सोडला आणि रडून घेतलं.

दिवाळीला नणंद आली. माझ्यापेक्षा वयाने लहान, पण तिला मी ताईच म्हणायचे. नांदगावच्या अलीकडे एका गावात दिली होती. तिसऱ्या मुलाला घेऊन आली होती, ते पाच महिन्यांचं. ती रिक्षातून उतरली तेव्हा मी तिला क्षणभर ओळखलंच नाही. डोळ्यांच्या कडा पांढऱ्या, ओठ पांढरे, जिना चढताना दोनदा थांबली. दुसरं मूल चालायला लागायच्या आत तिसरं राहिलं होतं आणि तिसऱ्याच्या वेळी रक्त एवढं गेलं, की तिथल्या डॉक्टरांनी नवऱ्याला बाहेर बोलावून बजावलं, आता तीन-चार वर्षं काही नको, नाहीतर बाई हाताला लागणार नाही. हे तिने मला सांगितलं आणि आईला सांगू नका म्हणाली. पण आई आतच बसली होती, आणि दोन खोल्यांचं घर.

भाऊबीज झाली. ताईचा नवरा दुसऱ्या दिवशी तिला न्यायला येणार होता. त्याचा निरोप आला होता, शेतात कापूस वेचायला माणूस नाही, लगेच घेऊन जातो. माणूस वाईट नव्हता, पण डॉक्टरांचं बोलणं त्याच्या लक्षात किती राहिलं असेल, ह्याची मला शंका होती. बाळंतपणानंतर ताईला पहिल्यांदाच आदल्या दिवशी पाळी आली होती. ती कोपऱ्यात चटईवर मुलाला घेऊन झोपली होती. त्या सकाळी मी आणि सासूबाई दारात मेथी निवडत बसलो होतो. मेथीकडेच बघत, आवाज खाली आणून त्यांनी विचारलं,

"ती तांबी बसवत्यात, ती किती दिसांनी लागू पडती गं?"

माझ्या हातातली जुडी हातातच राहिली. मला वाटलं, कळलं ह्यांना. पण त्यांच्या नजरेत तसलं काही नव्हतं. त्या कोपऱ्याकडे बघत होत्या. "उद्या जावई यायचाय. महिना-पंधरा दिवस लागत असतील तर काय उपेग? त्यो तर उद्याच नेणार. तू शिकलेली हाय, तुला म्हाईत असंल, म्हणून इचारलं."

मला सुटायची वाट होती. "मला काय माहीत आई, डॉक्टरांना विचारते," एवढं म्हटलं की काम झालं असतं. क्षणभर तो विचार केलाही. पण डॉक्टरीणबाईंचा दवाखाना संध्याकाळी बंद असायचा, त्याच सकाळी जायला हवं होतं, आणि सासूबाईंच्या मनात शंका राहिली तर त्या उठणार नाहीत, हे मला माहीत होतं. महिना मुरायला लागतो, हे त्यांनाही कुणीतरी सांगितलं असणारच. पलीकडे ताई झोपेत कण्हत होती.

"लागलीच लागू पडते, आई," मी म्हणाले. "बसवली की त्याच दिवसापासून. थांबायचं काही नाही. आणि ताईची पाळी चालू आहे, हेच दिवस बरे त्याला."

"मुरायला लागत नाय?"

"नाही. लोक उगाच सांगतात."

"लय दुखतं?"

"एक कळ येते. पाळीत येते तशी. मग काही नाही."

"आणि वर चढती का?"

"कुठे चढत नाही. खाली बारीक दोरा असतो, तो हाताला लागतो का ते पाळीनंतर बघायचं, की झालं." मी बोलत सुटले होते. इतके महिने कोंडलेलं होतं, ते माहितीच्या रूपाने का होईना, बाहेर पडत होतं. "फक्त पहिले तीन-चार महिने रक्त जास्त जातं. ताईला आधीच रक्त कमी, तेव्हा डॉक्टरांना ते सांगून लोहाच्या गोळ्या घ्यायला लागतील, त्यांना योग्य वाटलं तरच..."

मी थांबले. सासूबाईंचे हात थांबले होते. त्या माझ्याकडे बघत होत्या, आणि त्यांच्या डोळ्यांसमोर काय होतं ते मला दिसत होतं. कोपऱ्यात पांढरी फटक पडून बसलेली मी, आणि धुवणाचा पेला. मी मेथीची एक काडी उचलली आणि तिची पानं खुडत राहिले. त्या रागावल्या असत्या, ओरडल्या असत्या, तर मी वाचले असते. त्यांनी मांडीवरचा पालापाचोळा झटकला, उठल्या आणि लेकीजवळ गेल्या.

"ऊठ गं. लुगडं बदल. दवाखान्यात जायचंय."

ताई गांगरली. "आई, मी बाजूला हाय."

"असू दे." सासूबाईंनी स्वतःच्या हाताने देवघराचा पडदा ओढला आणि तिला समोरून नेलं. त्या दिवसांत त्यांनी मला कधी देवासमोरून जाऊ दिलं नव्हतं.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी ताईला तपासलं, तिचं रक्त कमी आहे हे बघून तोंड वाकडं केलं, गोळ्या लिहून दिल्या, दोन महिन्यांनी दाखवायला यायचं वचन घेतलं आणि मग बसवली. सासूबाई बाहेर बाकावर बसल्या होत्या. भिंतीवर लाल त्रिकोण होता, त्याच्याखालीच. दुसऱ्या दिवशी जावई आला, ताई गेली. जाताना आईच्या गळ्यात पडून रडली. सासूबाई तिला फक्त "गोळ्या घे," म्हणाल्या.

त्या दुपारी घरात आम्ही दोघीच होतो, मुलगी झोपलेली. मी उगाच भांडी पुन्हा पुसत होते. त्यांनी मला हाक मारली आणि समोर बसवलं.

"काढल्यावर किती दिसांनी राहतं?"

मला वाटलं होतं, त्या विचारतील कधी बसवली, का बसवली, लेकाला माहीत होतं का. त्यांनी ह्यातलं काही विचारलं नाही. मी खाली मान घालून सांगितलं, "काढली की लगेच राहू शकतं. पुढच्या महिन्यातसुद्धा."

"परीक्षा कधी तुझी?"

"एप्रिलात."

"मग मे महिन्यात काढ."

मी रडायला लागले. "आई, माझं चुकलं. तुम्ही चहा घ्या आता, मी टाकते," म्हणाले. त्यांना ते आवडलं नाही. "नवस मी देवीला बोलले, तुला नाय," त्या म्हणाल्या आणि गरम पाण्याचं भांडं चुलीवर ठेवायला उठल्या.

पहिले महिने मला वाटायचं, त्यांना कळलं तर हे ओझं उतरेल. ते उतरलं नाही, वाढलं. आता त्या जाणूनबुजून चहा सोडून बसल्या होत्या आणि मी जाणूनबुजून पीत होते. त्यांचा नवस फिटला तो पुढे चौथ्या वर्षी, धाकटी झाली तेव्हा. बारशाच्या दिवशी मी स्वतः चहा केला, आलं घालून, आणि सगळ्या बायकांच्या आधी त्यांच्या हातात दिला. त्यांनी बशीत ओतला, फुंकर मारली, दोन घोट घेतले आणि बशी खाली ठेवली. "आता नको वाटतो गं," म्हणाल्या. मग त्या कधीच चहा प्यायल्या नाहीत. मी त्यांचं जे घेतलं होतं ते परत करता येण्यासारखं नव्हतं, हे मला त्या दिवशी कळलं.

पण चौथ्या वर्षी म्हणजे, ठरल्या मे महिन्यात मी काढली नव्हती. तेही सांगायला हवं. परीक्षा झाली, निकाल चांगला लागला, आणि मेच्या अखेरीस हरसूलच्या एका शाळेत जागा असल्याचं कळलं. वर्षभर टिकले तर पुढे कायम. सकाळच्या एस.टी.ने जायचं, घाटातून, संध्याकाळी परत. पोटुशी बाईने रोज तो घाट करायचा म्हटलं तर कोण ठेवून घेणार होतं? मी आठवडाभर घरात चोरासारखी वावरले. सासूबाई काही विचारत नव्हत्या. मे संपत आला होता हे त्यांना कळत नव्हतं, असं नाही. ताईचा मात्र निरोप आला होता, बरी आहे, चेहऱ्यावर जरा रक्त दिसतं आहे, पोरं छान आहेत.

शेवटी मी धीर केला. त्या गच्चीवर कुरडया वाळत घालत होत्या. मी जाऊन शेजारी बसले आणि मदतीला हात लावला.

"आई, ती हरसूलची शाळा... मला वाटतं, अजून एक वर्ष जर..."

"मला इचारू नको," त्या म्हणाल्या.

मला वाटलं, संतापल्या. मी उठायला लागले, तर त्यांनी चिकाने माखलेल्या हाताने माझं मनगट धरून खाली बसवलं.

"दुसरं झालं तवा माझ्या पोरीनं मला इचारलं होतं. आई, ती तांबी बसवू का म्हणून. सासरच्यांची तिला काय आडकाठी नव्हती, मला इचारायला आली होती. मी म्हणाले, नाय. लय वंगाळ असती ती. तिनं माझं ऐकलं, आणि तिसरं राहिलं." त्यांनी मनगट सोडलं आणि कुरडईची सुटलेली कड बोटाने आत दुमडली. "तू इचारलं नायस, म्हणून तू धड हायेस. आताबी इचारू नको. इचारलंस तर माझ्या तोंडातनं नायच निघंल."

मी विचारलं नाही.